भरती दोन मीटर, पण मोजायची कुठून? होडीवाल्यांनी समजून घ्यावेत असे शब्द

भरतीचा आकडा वाचला की अनेकांना वाटतं, तेवढ्या उंचीच्या लाटा येणार. तसं नसतं. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचा इशारा येतो, तो पाण्याच्या पातळीचा. लाटा त्यावर वेगळ्या.

शून्य कुठे?
सागरी नकाशाचा शून्य म्हणजे ‘चार्ट डेटम’. ओहोटीचं पाणी सहसा ज्याच्या खाली उतरत नाही, अशी ही पातळी. नकाशातली खोली तिथून खाली मोजतात, भरतीची उंची तिथून वर. दोन्हींची बेरीज म्हणजे प्रत्यक्ष पाणी. जमिनीवरची उंची मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. हे दोन शून्य एक समजू नयेत.

हिशेब असा
समजा, नदीच्या मुखावरच्या रेतीच्या पट्ट्यावर नकाशात खोली 1.5 मीटर आहे. तक्त्यात भरती 1.2 मीटर, म्हणजे पाणी 2.7 मीटर. बोटीचा 2 मीटर भाग पाण्याखाली असेल, तर तळाखाली उरतात 0.7 मीटर. ओहोटीला तक्ता 0.4 दाखवत असेल, तर पाणी 1.9 मीटर. बोट रुतलीच!

उधाण आणि भांग
अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण: भरती मोठी, ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्हींतला फरक कमी. या फरकाला भरतीची ‘कक्षा’ म्हणतात. म्हणजे उधाणात पाणी जास्त असतं हे अर्धंच खरं; उथळ पट्ट्यावर उधाणाची ओहोटीच जास्त घातक.

वेळेसाठी कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अंदाजाला हे ठीक. पण बंदरागणिक वेळ बदलते, म्हणून बोट काढताना छापील तक्ताच बघावा.

तक्ता काय सांगत नाही?
सर्व्हे ऑफ इंडियाचे भरती-ओहोटीचे तक्ते मुख्यतः चंद्र-सूर्याच्या ओढीवर आधारलेले असतात. वादळ, जोराचा वारा, नदीचा पूर त्यात धरलेला नसतो. रेतीही जागा बदलते. मांडवीच्या मुखावरचा आग्वादचा पट्टा पावसाळ्यात धोक्याचा मानतात तो त्यामुळेच. शिवाय दोन लाटांमधल्या खळग्यात बोट आणखी खाली जाते. म्हणून बेरीज जेमतेम जुळत असेल, तर भरती चढेपर्यंत थांबलेलं बरं.