चार वाद्ये, एक संसार

‘चौकडी’ म्हटले की मराठी माणसाला आधी चांडाळ चौकडीच आठवते. युरोपात मात्र गेली अडीचशे वर्षे एक चौकडी मोठ्या आदराने ओळखली जाते. तिचे नाव स्ट्रिंग क्वार्टेट. तिच्यात दोन व्हायोलिन असतात, व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा आणि खालच्या सुरांचा व्हायोला असतो आणि गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा चेलो असतो. मोठ्या वाद्यवृंदात ऐंशी-शंभर वादक आणि समोर हातात काठी घेतलेला संचालक असतो. इथे संचालक नाही. चौघे अर्धवर्तुळात बसतात, एक जण श्वास घेतो आणि त्या श्वासासरशी चारही गज तारांवर पडतात.

पूर्वी हे संगीत मोठ्या सभागृहांत नव्हे, तर सरदार-उमरावांच्या दालनांत आणि घरगुती बैठकीत वाजे. म्हणून त्याला चेंबर म्युझिक, म्हणजे दालनातले संगीत म्हणतात. ऑस्ट्रियाच्या हायडनने चार वाद्यांच्या या प्रकाराला आकार दिला. मोझार्ट आणि बेथोव्हेन यांनी तो पुढे नेला.

संगीताविषयी आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत. त्या चर्चेत इथे शिरायचे नाही. पण मुलाने किंवा मुलीने डॉक्टर-इंजिनिअरच्या वाटेबाहेरचा एखादा हुनर निवडला, तर तो शिकायचा कसा आणि त्यावर चूल पेटायची कशी, हा प्रश्न कोणत्याही घराला पडू शकतो. या चौघांच्या वाटचालीत त्याचे उत्तर शोधता येते.

तालीम कशाची?

बहुतेक वादकांच्या हातात वाद्य येते ते पाच-सहा वर्षांच्या वयात. सतरा-अठराव्या वर्षी संगीत महाविद्यालयात प्रवेश मिळतो. तोवर रोजचा काही तासांचा रियाज अंगवळणी पडलेला असतो. पण ही सगळी तालीम एकट्याची असते. आपला सूर, आपला वेग, आपली चमक एवढेच विद्यार्थ्याला ठाऊक असते. चौकडीत आल्यावर त्याला जणू पुन्हा पहिलीत बसावे लागते.

कारण प्रत्येकाच्या समोरच्या कागदावर सहसा फक्त त्याचाच भाग लिहिलेला असतो. बाकी तिघे काय वाजवणार, हे त्याने आधी पूर्ण संहिता वाचून आणि मग कानांनी ऐकून मनात ठेवायचे असते. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकले की सूर बदलतो. एकाचा सूर त्याच्यापुरता अगदी बरोबर असला, तरी बाकी तिघांशी जुळला नाही तर ऐकणाऱ्याला तो बेसूरच वाटतो. म्हणून तासन्‌तास संथ गतीने, एकेक सूर धरून चौघे मेळ बसवतात. गज वर न्यायचा की खाली, कुठे किंचित थांबायचे, कुणी पुढे यायचे आणि कुणी मागे राहायचे, हे सारे एकमेकांशी बोलूनच ठरते.

इथेच खरी कसोटी लागते. चौघांत मतदान घेतले तर दोन विरुद्ध दोन होऊ शकते. त्यामुळे बऱ्याच चौकड्या एक साधी रीत पाळतात. ज्याची सूचना असेल ती आधी मनापासून वाजवून पाहायची आणि मगच वाद घालायचा. न ऐकता नाकारायचे नाही. दुसऱ्या व्हायोलिनवाल्याकडे मुख्य धून कमी वेळा येते. पण तो ढिला पडला तर पहिल्याची चमकही फिकी पडते.

छावणीतली ओळख

अमाडेउस क्वार्टेट ही विसाव्या शतकातली फार गाजलेली चौकडी. तिचे तीन वादक नॉर्बर्ट ब्रेनिन, सिगमंड निसेल आणि पीटर शिडलोफ हे ऑस्ट्रियातून आलेले ज्यू निर्वासित. 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि या किशोरवयीन मुलांना इंग्लंड गाठावे लागले. पण 1940 मध्ये ब्रिटिश सरकारने जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेल्यांना ‘शत्रू देशाचे नागरिक’ ठरवून छावण्यांत डांबले. ज्यांच्यापासून जीव वाचवून ते पळाले होते, त्यांच्याच बाजूचे समजून त्यांना तारांच्या कुंपणामागे ठेवण्यात आले. या तिघांच्या ओळखी झाल्या त्या अशा छावण्यांतच.

सुटका झाल्यावर लंडनमध्ये मॅक्स रोस्टल नावाचे उस्ताद त्यांना भेटले. ते स्वतःही नाझींमुळे देश सोडून आलेले. या मुलांकडे फी भरायला पैसे नव्हते. रोस्टल यांनी त्यांना विनामूल्य शिकवले. चेलो वाजवणारा चौथा साथी मार्टिन लव्हेट हा लंडनचाच. शिडलोफ मूळचा व्हायोलिनवादक, पण चौकडीला व्हायोला हवा होता, म्हणून त्याने वाद्यच बदलले.

10 जानेवारी 1948 रोजी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये ‘अमाडेउस’ या नावाने त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. त्यासाठी संगीतकार इमोजेन होल्स्ट यांनी आर्थिक मदत केली होती. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे हे चौघे एकत्र राहिले, एकही माणूस बदलला नाही. 1987 मध्ये शिडलोफ वारले, तेव्हा उरलेल्या तिघांनी त्यांच्या जागी दुसरा वादक घेतला नाही. चौकडीच थांबली.

रोजी कशी चालते?

नाव झाले म्हणजे पैशांचा प्रश्न सुटला, असे नाही. एका कार्यक्रमाचे मानधन आले की त्यातून कार्यक्रम ठरवणाऱ्या एजंटचे कमिशन जाते, प्रवास आणि मुक्काम जातो. विमानात चेलोसाठी बहुधा वेगळे तिकीट काढावे लागते. उरलेल्याचे चार वाटे होतात. चांगली जुनी वाद्ये इतकी महाग असतात की अनेक वादक ती एखाद्या संस्थेकडून किंवा धनिकाकडून वापरायला घेतात.

म्हणून या व्यवसायाचा खरा खांब आहे शिकवणे. अमाडेउसचे वादकही पुढे जर्मनीतल्या कोलोन शहरात संगीत महाविद्यालयात शिकवत होते. दुसरा आधार विद्यापीठांचा. याची एक सुरुवात अपघाताने झाली. ब्रसेल्सची प्रो आर्ते क्वार्टेट मे 1940 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात बेथोव्हेन वाजवायला गेली होती आणि त्याच दिवसांत जर्मनीने बेल्जियमवर हल्ला केला. परत जायला घर उरले नाही. विद्यापीठाने त्यांना तिथेच ठेवून घेतले. वादकांना निवारा मिळाला आणि विद्यार्थ्यांना उस्ताद मिळाले. पुढे इतर विद्यापीठांनीही असे केले. बुडापेस्टच्या चार विद्यार्थ्यांनी 1975 मध्ये सुरू केलेली ताकाच क्वार्टेट 1983 पासून कोलोरॅडो विद्यापीठात आहे. महिन्याचा पगार असला की संध्याकाळच्या कार्यक्रमाची चिंता अर्धी होते.

मुंबईचा धागा

ही वाट मुंबईतूनही गेली आहे. 1908 मध्ये मुंबईत जन्मलेले पारशी व्हायोलिनवादक मेहली मेहता बरेचसे स्वतःच्या बळावर शिकले. 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. चौघांची चौकडीही बांधली. मुंबईच्या या संगीतजगात पारशी होते, चर्चच्या शाळांत स्वर वाचायला शिकलेले गोव्याचे वादक होते आणि युरोपातून आलेले निर्वासितही होते. मेहलींना आपले शिक्षण अपुरे वाटत होते. म्हणून 1945 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या सुमारास, पत्नी आणि दोन लहान मुलांना मुंबईत ठेवून ते न्यूयॉर्कला शिकायला गेले. पुढे मँचेस्टरच्या वाद्यवृंदात त्यांनी नोकरी केली. मग फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये दुसऱ्या व्हायोलिनची जागा घेतली. मुंबईत स्वतः वाद्यवृंद चालवलेला माणूस परदेशी दुसऱ्या जागी बसला आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. 1964 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये तरुणांचा वाद्यवृंद सुरू करून त्यांनी तेहतीस वर्षे मुलांना घडवले. त्यांचा थोरला मुलगा झुबिन मेहता आज जगप्रसिद्ध आहे.

आपल्या घरांसाठी

या सगळ्या गोष्टींत गुणवान मुले होतीच. पण नुसत्या गुणावर त्यांतली एकही तरली नाही. फी न घेणारा उस्ताद होता, पहिल्या कार्यक्रमाला हातभार लावणारी बाई होती, दार उघडणारे विद्यापीठ होते, नवरा परदेशी शिकत असताना मुंबईत दोन मुले सांभाळणारी पत्नी होती. आपण मात्र मुलाला एकच प्रश्न विचारतो, ‘यात पैसा किती?’ त्याआधी आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. याला शिकवणारा चांगला उस्ताद कोण? पहिली सात-आठ वर्षे घर त्याला किती आधार देऊ शकेल? आणि हुनराच्या जोडीला शिकवण्यासारखे नियमित काम तो करू शकेल का?

सुलेखन असो, शिवणकाम असो, नाटक असो की व्हायोलिन, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर घरात निर्णय घेणे सोपे जाईल. आणि तो निर्णय घेताना त्या चौघांची रीत पाळायला हरकत नाही. मुलाचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्यायचे, हो किंवा नाही नंतर सांगायचे.