डाग कशाचा, ते आधी सांग!

सुरुवातीलाच कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मराठी विभागासाठी लिहायचं म्हटल्यावर मी आधी पळच काढला होता. पण परवा वर्कशॉपबाहेरच्या पायरीवर एफईची एक मुलगी पॉलिश पेपर घेऊन सागवानी जॉबवरचा काळा डाग अगदी जीव तोडून घासताना दिसली, आणि मला माझंच एफई आठवलं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. तेव्हा मित्रांनो, समजून घ्या!

तर झालं असं. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. सुतारकामाचा आमचा जॉब होता क्रॉस हाफ लॅप जॉइंट. दोन तुकडे, दोघांच्याही अर्ध्या जाडीत खाच, आणि एक दुसऱ्यात घट्ट बसला पाहिजे. एक तुकडा माझा, दुसरा माझ्या रूममेटचा. तिनं तीन दिवस खपून तिचा तुकडा इतका सुंदर केला होता की गुण्या लावला तर कुठे उजेडसुद्धा दिसत नव्हता. मग तिला ताप आला आणि दोन्ही तुकडे सबमिट करायची जबाबदारी माझ्यावर आली.

वर्कशॉपमध्ये चहा न्यायला बंदी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मीही नेला, हे आता तुम्हाला माहीत झालं. आणि सांडला तो नेमका तिच्या तुकड्यावर! मी घाईघाईनं तो नळाखाली धुतला आणि सुकायला शेजारच्या फिटिंग सेक्शनच्या बेंचवर ठेवून दिला. तिथे लोखंडाचा कीस पडलेला होता, पण तिकडे कोण बघतं? दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर कडेच्या अंगाला निळसर काळे डाग! शाईची दौत उपडी झाल्यासारखे.

सुतारकामाच्या काकांनी विचारलं, "काय सांडलंस गं यावर?"

मी म्हणाले, "काही नाही काका, लाकूडच तसं होतं."

काकांनी तुकडा उलटासुलटा करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता परत दिला. मग मी अर्धा तास पॉलिश पेपर मारला. डाग फिका झाला, गेला नाही. आणि तुकडा आपल्या खाचेत खुळखुळायला लागला!

हे काळं येतं कुठून?

सागवानात, बाभळीत आणि इतरही बऱ्याच लाकडांत टॅनिन नावाचा पदार्थ असतो. कोरा चहा जिभेला तुरट लागतो तो त्याच्यामुळेच. ओल्या लाकडाला लोखंड लागलं की थोडं लोखंड पाण्यात उतरतं, टॅनिनशी त्याचा संयोग होतो आणि गडद निळसर काळा पदार्थ तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करत. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोखंड. म्हणजे मी नकळत शाईच बनवली होती! चहानं त्यात भर घातली इतकंच, नुसतं पाणी सांडलं असतं तरी डाग पडलाच असता.

हा डाग लाकडाच्या वर बसत नाही, पाण्याबरोबर आत मुरतो. म्हणून घासून जात नाही. आपण लाकूड कमी करत राहतो आणि डाग खालून हसत राहतो.

मग उपाय काय?

तीन दिवसांनी माझं धाडस झालं. जाऊन काकांना सगळं खरं सांगितलं: चहा, नळ, लोखंडाचा कीस. ते एवढंच म्हणाले, "डाग कशाचा ते आधी सांगायचं ना! डॉक्टरकडे जाऊन दुखतंय कुठे ते लपवतेस का?" आणि त्यांनी कपाटातून एक पांढरी पूड काढली. ऑक्झॅलिक ॲसिड. मोझेकच्या फरशीला पॉलिश करणारे लोक वापरतात तेच.

पद्धत अशी. प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात (धातूच्या नको) एक लिटर गरम पाण्याला ५० ते १०० ग्रॅम पूड विरघळवायची. लाकडावर पॉलिश असेल तर ते आधी काढायचं, नाहीतर द्रावण आत जाणारच नाही. मग ब्रशनं ते पूर्ण बाजूवर लावायचं. नुसत्या डागावर लावलं तर तेवढाच भाग उजळतो आणि काळ्या डागाच्या जागी पांढरा डाग येतो. साधारण १५-२० मिनिटं थांबायचं, गरज पडली तर पुन्हा लावायचं. ऑक्झॅलिक ॲसिड टॅनिनच्या तावडीतून लोखंड सोडवतं आणि पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणतं. म्हणून शेवटी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यानं धुणं हा उपायाचाच भाग आहे. रात्रभर सावलीत सुकू द्यायचं. पाण्यानं लाकडाचे तंतू उभे राहतात, त्यांच्यापुरता २२० नंबरचा पेपर हलक्या हातानं फिरवायचा.

माझ्या डोळ्यांदेखत डाग विरला. मला एकदम शाळेतल्या सिस्टर आठवल्या. पांढऱ्या युनिफॉर्मवर गंजाचा डाग पडला की त्या लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवायला लावायच्या. लिंबातलं सायट्रिक ॲसिडही लोखंडाला असंच धरून ठेवतं, फक्त त्याचा जोर कमी. दहा वर्षं ते पाहिलं, पण ही केमिस्ट्री आहे हे कळायला वर्कशॉपमध्ये चहा सांडावा लागला!

आता महत्त्वाचं. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. हातमोजे आणि गॉगल हवेतच. सुकलेल्या पुडीची धूळ नाकात जाता कामा नये, म्हणून नीट धुतल्याशिवाय पेपर मारायचा नाही आणि मारताना मास्क लावायचा. उरलेलं द्रावण पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही. हॉस्टेलमध्ये कोण कुणाची बाटली तोंडाला लावेल याचा नेम नाही. आणि हे काम काकांच्या समोर करायचं, रूमवर नाही.

बाकीचे डाग

प्रत्येक डागाला हेच औषध लागू पडत नाही. वर्कशॉपमध्ये नेहमी भेटणारे आणखी काही:

तेल-ग्रीस: पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा वर उभा राहिला तर खाली तेल असण्याची शक्यता. टर्पेंटाइनच्या कापडानं पुसा, मग खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून वर थापा. सुकताना ती तेल शोषून घेते. एकदोनदा करावं लागतं. ही कापडं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आगीची भीती असते.

फेव्हिकॉल: हा सगळ्यात लबाड! सुकल्यावर दिसत नाही, पॉलिश मारलं की त्या जागी फिका ठिपका उमटतो. कारण गोंद बसलेल्या जागी लाकूड पॉलिश पितच नाही. ओला असतानाच ओल्या कापडानं पुसावा. सुकला तर कोमट पाण्यानं किंवा व्हिनेगरनं मऊ करून पटाशीनं अलगद खरवडावा. पॉलिशच्या आधी टर्पेंटाइनचा हात फिरवला की लपलेले ठिपके लगेच दिसतात.

बॉलपेन: कापसाला स्पिरिट लावून टिपा. घासू नका, शाई पसरते. मुळात मार्किंग पेन्सिलीनं करायचं असतं!

काळी बुरशी: पावसाळ्यात ठेवून दिलेल्या लाकडावर येते. इथे कपड्यांचं ब्लीच चालतं. लोखंडाच्या डागावर मात्र त्याचा उपयोग नाही. आणि ब्लीच व ॲसिड कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू तयार होतो. दोन्ही लावून बघू, एक तरी चालेल, हा आपला सबमिशनच्या आदल्या रात्रीचा विचार इथे जिवावर बेतू शकतो.

थोडक्यात, हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारा. काय सांडलं? किती वेळ झाला? त्यानंतर कोणी काय लावलं? तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर सहसा मिळत नाही, कारण ते लावणारे आपणच असतो.

आमच्या जॉबचं काय झालं? डाग पूर्ण गेला. पण मी घासून घालवलेलं लाकूड काही परत आलं नाही. सांधा ढिलाच राहिला आणि फिटिंगचे मार्क दोघींचेही गेले. रूममेट तापातून उठल्यावर म्हणाली, "माझीच खाच चुकली असेल." तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही, तिला सगळं सांगून टाकलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर मार्क तरी वाचले असते."

तो जॉब आजही आमच्या खिडकीत आहे. हलवला की खुळखुळतो. फेव्हिकॉलनं चिकटवू या का असं मी तिला दोनदा विचारलं. ती म्हणते, राहू दे.

पायरीवरच्या त्या मुलीच्या हातातून मी आधी पॉलिश पेपर काढून घेतला. मग विचारलं, "काय सांडलंस गं यावर?"