पाइप कशाचा, डबा कधीचा?

गव्हाला पाण्याची पाळी आली, लाईट आली, मोटर चालू केली आणि बांधावरच्या एल्बोतून कारंजे उडाले, असा अनुभव नसलेला बागायतदार विरळाच. मग एकच पळापळ होते. कोणी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळतो, कोणी खताच्या गोणीची पट्टी आवळतो. कोणी गेल्या वर्षीचा सोल्युशनचा डबा शोधून काढतो आणि त्यातला घट्ट झालेला गोळा काडीने जोडावर थापतो. दोन दिवसांनी जोड पुन्हा सुटतो, पाळी हुकते आणि दोष पाइपाच्या कंपनीला दिला जातो. शिवारात फिरताना जे दिसते त्यावरून सांगतो, पुष्कळदा पाइप चांगलाच असतो. दोष असतो डब्यात, नाहीतर घाईत.

पूर्वी हा घोळ नव्हता. सुताराकडे सरस असायचा, पोरांच्या वहीला बाभळीचा डिंक, घोंगडीला चिंचोक्याची खळ. ज्याचे त्याला. आज दुकानात पाच-पन्नास नळ्या आणि डबे मांडलेले असतात आणि 'सगळ्याला चालतं' असे सांगून काहीही गळ्यात मारले जाते. सगळ्याला चालणारा चिकटपदार्थ अजून निघालेला नाही. म्हणून दुकानात जाताना आधी वस्तू कशाची आहे ते बघा.

नावाचाही गोंधळ आहे. पंक्चरवाल्याचे ते सोल्युशन आणि पाइपवाल्याचेही सोल्युशनच! पण पंक्चरचे सोल्युशन म्हणजे पातळ केलेले रबर. ते ट्यूब घासून लावायचे, हाताला चिकटेनासे होईपर्यंत वाळू द्यायचे आणि मगच पॅच दाबायचा. पाइपाच्या सोल्युशनचे उलटे. ते पीव्हीसीचा वरचा थर विरघळवते, पाइप आणि फिटिंग एकमेकांत मुरतात आणि जोड एकजीव होतो. हे ओले असतानाच, क्षणाचाही उशीर न करता बसवावे लागते. एकाची रीत दुसऱ्याला लावली की काम फसलेच.

पीव्हीसीचा जोड नीट करायचा तर पाइप सरळ कापा, कडेचा भुसा कानसीने काढा, माती आणि ओल कोरड्या फडक्याने पुसा. फिटिंगमध्ये पाइप किती आत जाणार याची खूण करून ठेवा. सोल्युशन दोन्हीकडे पातळ आणि सारखे लावा, पाव फेरा फिरवत खुणेपर्यंत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. बाहेर आलेले पुसून घ्या. इथवर बहुतेक जण करतात; पुढचे कोणी करत नाही. डब्यावर जितका वेळ वाळू द्यायला सांगितले आहे तितका देणे, निदान एक रात्र तरी. तासाभरात मोटर चालू केली तर तो जोड पाण्याच्या दाबापुढे टिकेल कसा? पाळीच्या दिवशी जोड करण्यापेक्षा पाळीच्या आधी पाइपलाइन एकदा चालून बघावी, हे बरे. डबा घेताना त्यावर आयएस १४१८२ हा मानक क्रमांक आणि उत्पादनाची तारीख बघा. घरातल्या गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपाला वेगळे सोल्युशन लागते, तेही सांगून घ्या.

आता काळ्या पाइपाविषयी. एचडीपीईचा काळा पाइप आणि ठिबकची नळी यांना पीव्हीसीचे सोल्युशन चिकटत नाही. फेविक्विक नाही, अ‍ॅरल्डाइट नाही, काहीच टिकत नाही. पाइप नेमका कशाचा हे कळत नसेल तर चाकूने एक चकती कापून पाण्याच्या वाटीत बुडवून सोडा. तळाला गेली तर पीव्हीसी, तरंगली तर पॉलिथीन. तरंगणाऱ्या पाइपाला जोडणीचे कपलर वापरा किंवा तापवून जोडणाऱ्याकडून जोडून घ्या. ठिबकच्या नळीचा खराब भाग कापून मध्ये जॉइनर घाला, दोन मिनिटांचे काम.

हाच प्रकार पाठीवरच्या फवारणी पंपाचा. त्याची टाकीही सहसा याच जातीच्या प्लॅस्टिकची असते. चिरलेल्या टाकीला काहीतरी थापून फवारणी करणारे आजही दिसतात. थापलेले सुटते आणि औषध पाठीवरून खाली ओघळते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विसरू नका. टाकी चिरली तर टाकी बदला. इथे काटकसर नको.

लोखंडी पाइप पाझरतो, पत्र्याच्या टाकीला भोक पडले, अशा वेळी एम-सीलसारखी मळायची लुकणी उपयोगी पडते. दोन्ही कांड्यांतले सारखे तुकडे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा. पण जागा कोरडी हवी आणि पॉलिश पेपरने खरवडलेली हवी. वाहत्या पाण्यावर थापू नका. मळताना हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला, काहींच्या कातडीला त्याने खाज सुटते. पांढरे फेविकॉल लाकडाचे. लावून दोरीने आवळून रात्रभर ठेवले तर पाट, खुर्ची पक्की होते. मात्र सतत ओल्या राहणाऱ्या वस्तूला साधे फेविकॉल नको. कुऱ्हाडीच्या दांड्याला तर पाचरच बरी.

ठेवण्याच्या बाबतीत आपली सगळ्यात मोठी चूक म्हणजे सोल्युशनचा डबा मोटरीच्या खोलीत, स्टार्टरखालच्या फळीवर. त्याची वाफ पेट घेणारी असते, हवेपेक्षा जड असते आणि स्टार्टरमध्ये ठिणगी उडते. वर पत्र्याचे छप्पर, वैशाखातले ऊन! डबा तिथून आजच हलवा. सावलीत, हवेशीर जागी, चुलीपासून लांब आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. विहिरीच्या तळाशी किंवा खोल चरात जोड करायचा असेल तर बिडी, कंदील बंद, आणि वर एक माणूस हवाच. शक्यतो जोड वरच करून खाली सोडावा.

झाकण घट्ट लावण्याआधी काठ पुसा, नाहीतर पुढच्या वेळी पकडीनेही उघडत नाही. सोल्युशन लापशीसारखे झाले तर थिनर किंवा रॉकेल घालून पातळ करण्याच्या फंदात पडू नका. त्याची ताकद गेलेली असते. पाण्याच्या बाटलीत उरलेले सोल्युशन भरून ठेवणे तर जिवावरचे. फेविक्विकला हवेतला ओलावा सोसत नाही, म्हणून पावसाळ्यात नळी झाकणबंद डब्यात ठेवा. ते कापसाने किंवा सुती चिंधीने कधीही पुसू नका. कापसावर ते एकदम तापते, भाजते. बोटे चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा. डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठा.

ग्रामपंचायतींसाठी थोडे वेगळे. नळपाणी योजनेसाठी स्वस्त पडतो म्हणून मोठा डबा आणतात. चार जोड होतात आणि बाकीचा वाळून जातो. त्यापेक्षा लहान डबे घ्यावेत. फोडल्याची तारीख पेनाने झाकणावर लिहावी आणि साठा नोंदवहीत तीच तारीख टाकावी. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला हे एकदा समोर बसवून दाखवले तर वर्षभराची कटकट कमी होते. आणि दुरुस्तीनंतर लाइन सुरू करताना पहिले पाणी काही वेळ वाहून जाऊ द्यावे, वास गेल्यावरच गावाला सोडावे.