चु वी मांजिस? अक्कलकोटात एस्पेरांतोचे प्रश्न

अक्कलकोटात माणसाची ओळख प्रश्नानं होते. गुरुवारी वटवृक्ष मंदिराबाहेर प्रसादाच्या दुकानापाशी थोडा वेळ उभं राहावं. 'कुठनं आलात?' हे मराठीत, 'यल्लिंद बंद्री?' हे कन्नडात, 'कां से आए?' हे दखनीत, असं एकाच गल्ल्यावरून ऐकू येतं. गिऱ्हाईक आळंदचं आहे की पुण्याचं, हे दुकानदार त्याच्या पहिल्या शब्दावरून ओळखतो आणि दुसरा शब्द त्याच्या भाषेत बोलतो. त्याला कोणी व्याकरण शिकवलेलं नसतं. त्याच्याजवळ असतात ते प्रश्न: कुठून, किती, कधी, कोणासाठी.

याच प्रश्नांमुळे मी एस्पेरांतो या रचलेल्या भाषेकडे ओढला गेलो आणि इतक्या वर्षांत ती ओढ कमी झालेली नाही. 'दे किए वी वेनास?' म्हणजे 'तुम्ही कुठून आलात?' हे वाक्य मी सुट्टीतल्या वर्गात सगळ्यात आधी शिकवतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. डॉ. लुद्विक झामेनहॉफ १८५९ साली ब्यावीस्तोक गावात जन्मले. तेव्हा ते गाव रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. पोलिश, रशियन, जर्मन आणि यिडिश बोलणारे लोक तिथं शेजारी राहत आणि एकमेकांवर संशय धरत. पेशानं नेत्रवैद्य असलेल्या या माणसानं १८८७ साली वॉर्सात 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर, या टोपणनावानं एक छोटं पुस्तक काढलं. त्यात त्यांनी रचलेल्या या भाषेचे सोळा नियम होते. १९०५ साली फ्रान्समध्ये बुलोन्य इथं पहिलं जागतिक संमेलन भरलं. पुढं हिटलर आणि स्टालिन दोघांच्याही राजवटीत या भाषेची माणसं मारली गेली. झामेनहॉफ यांची तिन्ही मुलं नाझींच्या हातून गेली. भाषा मात्र टिकली. आता मुख्य गोष्टीकडे येतो.

एस्पेरांतोत प्रश्नाचे शब्द नऊ, आणि सगळे 'कि'नं सुरू होतात. किउ म्हणजे कोण, किओ म्हणजे काय, किए म्हणजे कुठे, किअम म्हणजे कधी, किअल म्हणजे का, किएल म्हणजे कसं, किओम म्हणजे किती, किआ म्हणजे कशा प्रकारचं आणि किएस म्हणजे कोणाचं. मराठी माणसाला यात परकं काय आहे? आपलेही कोण, काय, कुठे, कधी, कसं, किती 'क'नंच सुरू होतात. उत्तरातही तीच गंमत. आपण 'कुठे'ला 'तिथे' म्हणतो, ते 'किए'ला 'तिए' म्हणतात. 'किती'ला 'तितकं', 'किओम'ला 'तिओम'. फरक एवढाच की आपल्याकडे मधे 'ज'ची आणखी एक रांग आहे: जिथे, जेव्हा, जितकं. एस्पेरांतो ते काम 'कि'कडूनच करून घेते. कि, ति, इ, चि, नेनि या पाच सुरुवाती आणि नऊ शेपट्या मिळून पंचेचाळीस शब्द होतात. हा तक्ता भिंतीवर लावला की मुलं येता-जाता वाचतात. पाठ करा म्हणावं लागत नाही.

कन्नडची तऱ्हा निराळी. एनु, एल्लि, एष्टु हे 'ए'च्या घरातले, तर यारु, याके, यावाग हे 'या'च्या. दुधनीकडून येणारी, कन्नड माध्यमात शिकणारी एक मुलगी तक्ता बघून म्हणाली, "सर, हे तर तुमच्या मराठीचंच आहे की ओ." तिचं म्हणणं खरं होतं. पण पुढच्याच धड्यात तिनं सगळ्यांना मागं टाकलं. एस्पेरांतोत कर्माला 'न' लागतो. 'किओ एस्तास तिओ?' म्हणजे 'ते काय आहे?' पण 'तुम्ही काय करता?' म्हणायचं तर 'किओन वी फारास?' मराठी मुलं हा 'न' हमखास गाळतात, कारण आपण 'काय करतोस' म्हणताना 'काय'ला काहीच लावत नाही. तिच्या कन्नडात कर्माचा 'अन्नु' आहे. शाळेत तो घोटून घेतलेला, त्यामुळे तिचा 'न' कधी सुटला नाही.

उच्चारात मात्र मराठी पोरांची सरशी होते, आणि हा माझा आवडता धडा. एस्पेरांतोत अक्षरं अठ्ठावीस, प्रत्येकाचा आवाज एकच, लिहिलेलं एकही अक्षर मुकं नाही. त्यात 'च' दोन आहेत आणि ते वेगळे लिहिले जातात. एक 'चहा'तला, दुसरा 'चमचा'तला, दातांना जीभ लावून काढलेला. 'चेवालो' म्हणजे घोडा, त्यातला च चहाचा. 'पाचो' म्हणजे शांतता, त्यातला च चमच्याचा. हिंदी भाषकाला हा दुसरा च बाहेरून शिकावा लागतो, प्रमाण कन्नडातही तो नाही. मराठी मूल तो घेऊनच येतं. नवल असं की आपल्या कानाला हा फरक पक्का ठाऊक असूनही आपली लिपी तो दाखवत नाही. म्हणून आम्ही वह्यांत दंत्य 'च'खाली लाल शाईनं टिंब देतो: पाच़ो, लेच़िओनो. 'बाजार'मधल्या 'ज'लाही तसंच टिंब.

'ख़'साठी मी दखनी बोलणाऱ्या मुलांना पुढं बोलावतो. ती तर 'क़ाज़ी'लाही 'ख़ाज़ी' म्हणतात, तो घशातला आवाज त्यांना सहज येतो. एक आवाज मात्र कोणालाच घरून मिळत नाही: 'श' म्हणता म्हणता कंठ घुमवायचा तो. गळ्यावर बोट ठेवून कंप जाणवेपर्यंत तो काढायला लावतो.

आघात नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर. एस्पेरांतो म्हणताना 'रां'वर. 'किओ'त दोन स्वर आहेत, जोर 'कि'वर. घाईनं 'क्यो' म्हटलं की शब्द बिघडतो. आमच्याकडे सोलापुरी बोलीत शेवटचा स्वर ओढायची सवय, 'बसा की ओऽ', म्हणून मी टाळी वाजवून म्हणून घेतो: कि-ओ, कि-ए, फो-री-रास. 'किअम फोरीरास ला बुसो?' म्हणजे बस कधी सुटते? अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून लांब असल्यानं इथल्या माणसाला हा प्रश्न फार कामाचा.

आता 'चु'. हो किंवा नाही असं उत्तर हवं असेल तर मराठीत शेवटी 'का' येतो, कन्नडात क्रियापदालाच शेपूट लागतं. एस्पेरांतोत वाक्याच्या तोंडाशी 'चु' ठेवायचा, बाकी काही हलवायचं नाही. झामेनहॉफ यांनी तो पोलिशमधून घेतला. आमच्या तालुक्यात कोणाच्याही घरी गेलं की आधी विचारतात, 'ऊटा आतेन्री?' जेवण झालं का? तेच एस्पेरांतोत 'चु वी मांजिस?' हा प्रश्न शिकल्यावर वर्गातली मुलं दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला तोच विचारतात, आणि मला ते मनापासून आवडतं.

महाराष्ट्रात ही भाषा अगदीच अनोळखी नाही. विनोबा भावे उतारवयात एस्पेरांतो शिकले. त्याआधी वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेच्या चारही भाषा आत्मसात केल्या होत्या, आणि भारतीय भाषा नागरीतही लिहिल्या जाव्यात हा त्यांचा आग्रह होता. १९५८ साली ते सर्वोदय संमेलनासाठी आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला, आले होते. आमच्या वह्यांतलं नागरीतलं एस्पेरांतो त्यांना रुचलं असतं असं मला वाटतं. भाषावैज्ञानिक प्रबाल दासगुप्त एके काळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत. २००७ ते २०१३ या काळात ते जागतिक एस्पेरांतो संघटनेचे अध्यक्ष होते. पुण्यात ज्या भाषेचा एवढा मोठा जाणकार राहून गेला, ती इथल्या महाविद्यालयांत निदान सुट्टीतला वर्ग म्हणून तरी असायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

एका प्रश्नावर मात्र वर्गात दर वेळी वाद होतो. 'चु वी ने वेनास?' म्हणजे 'तू येत नाहीस का?' यायचं नसेल तर मराठी मूल म्हणतं 'हो, येत नाही', म्हणून ते 'येस' म्हणतं. युरोपातला माणूस अशा वेळी 'ने' म्हणतो. एस्पेरांतो बोलणाऱ्यांत दोन्ही रीती आहेत. बहुतेक जण 'ने'च म्हणतात, पण पूर्वेकडची माणसं आपल्या वळणानं 'येस' म्हणतात तेव्हा त्यांना चूक ठरवावं असं मला वाटत नाही. ऐकणाऱ्याचा घोटाळा मात्र होऊ शकतो. म्हणून मी मुलांना पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला लावतो: 'मी ने वेनास.' यातला 'मी' म्हणजे आपला मीच. त्याच्यासाठी वेगळा शब्द पाठ करावा लागत नाही.