मंडप उतरल्यावर

2023 च्या अखेरीस 43 वं मराठवाडा साहित्य संमेलन गंगापुरात भरलं. मराठवाडा साहित्य परिषदेचं हे संमेलन, अध्यक्ष जगदीश कदम. आदल्या वर्षी ते जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीला झालं होतं. जिल्ह्याचं ठिकाण सोडून तालुक्याच्या गावी संमेलन न्यायचं, हे आता परिषदेच्या अंगवळणी पडलंय. तालुक्याला संमेलन मिळालं की गाव महिनाभर कामाला लागतं. स्वागत समिती, वर्गणी, पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय, शाळेच्या पोरांची ग्रंथदिंडी, पुस्तकांचे गाळे, आणि कविसंमेलनात आपल्याकडच्या किती जणांची नावं लागली यावरून थोडी रुसवाफुगवी. मग मंडप उतरतो. पुढे काय, हे विचारायला त्या गडबडीत कुणाला सवड नसते.

ती सवड आता काढायला हरकत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कलेच्या निमित्ताने माणसं कशी जमत गेली, कुठे टिकली आणि कुठे पांगली, हे मागे जाऊन पाहिलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या मेळ्यात आलेल्या माणसाच्या हाताला काही काम मिळालं, तिथे कला मुरली. जिथे त्याला नुसती खुर्ची मिळाली, तिथे टाळ्या झाल्या आणि विषय संपला.

गंगापूर तालुका बाहेरच्यांना माहीत असतो तो वाळूजच्या कारखान्यांमुळे, नाहीतर कायगाव टोक्याच्या गोदावरी-प्रवरा संगमामुळे. पण याच तालुक्यात शेंदुरवादा आहे, आणि तिथे मध्वमुनीश्वरांचं वास्तव्य होतं. अठराव्या शतकातले हे संतकवी आणि कीर्तनकार. त्यांचे शिष्य अमृतराय. अमृतरायांचे कटाव मराठी कवितेत आपली वेगळी जागा धरून आहेत: अनुप्रासांची सर एकामागून एक कोसळत राहते आणि म्हणणाऱ्याचा दम पणाला लागतो. ही रचना कागदावर वाचायची नाहीच. समोर माणसं बसलेली असली, टाळ-मृदंगाची साथ असली, तरच ती उभी राहते. म्हणजे या भागातली कविता पहिल्यापासून जमलेल्या माणसांसाठी लिहिली गेली. इकडे पैठणला एकनाथांची भारुडं होतीच, आणि तीही नाथषष्ठीच्या गर्दीत, सोंगं घेऊन, लोकांमध्ये उतरून सादर व्हायची.

या परंपरेचं आजचं सर्वांत मोठं रूप म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. गोदावरीतल्या सरला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह पावणेदोनशे वर्षांपासून चालत आलाय. तो दरवर्षी नव्या गावी भरतो, आणि वैजापूर, गंगापूर, श्रीरामपूर, कोपरगावकडची गावं त्यासाठी एक होतात. लाखांची पंगत आमटी-भाकरीवर उठते. आमटी जागेवरच मोठमोठ्या कढयांत शिजते, आणि भाकरी गावोगावच्या घरांतून येतात. घरागणिक भाकरी ठरतात, त्या फडक्यात बांधल्या जातात, ट्रॅक्टर गल्लीगल्लीतून फिरून त्या गोळा करतो.

असा मोठा सप्ताह बाजूला ठेवू. कुठल्याही वाडीवरचा लहानसा सप्ताह पाहिला तरी त्यातली रचना कळते. पहाटे काकडा, मग पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, पुढे जागर. मंडपात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे होतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. रात्री अडीचच्या पहाऱ्याला मंडपात ऐकणारं कुणीच नसतं. तरी ठरलेले टाळकरी अंगावर घोंगडं ओढून उभे राहतात, आणि त्यांच्यात एखादं दहा-बारा वर्षांचं पोर असतंच. दिवसा मोठ्यांच्या कीर्तनात त्याच्या हातात मृदंग कुणी देणार नाही. रात्रीच्या पहाऱ्याला मात्र माणसं कमी पडतात, मग देतात. गावोगावचे पखवाजी असे घडले. ऐकणारा आणि वाजवणारा यांच्यात भिंत नाही, आणि शिकाऊ माणसाला चुकायला एक निवांत वेळ राखून ठेवलेली आहे. सप्ताहाची खरी ताकद यात आहे.

छत्रपती संभाजीनगर शहराकडे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादकडे, वळलं तर पन्नासचं दशक महत्त्वाचं. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं मिलिंद महाविद्यालय इथे सुरू झालं. 1957 मध्ये अनंत काणेकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन औरंगाबादला भरलं. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षंच झाली होती. शहरात उर्दूची मैफल जुनी होती. वली आणि सिराज या कवींची ही भूमी, आणि ती परंपरा पुढे बशर नवाज यांच्यापर्यंत आली. मराठीला मात्र आपली माणसं नव्याने जमवायची होती.

ती जमवण्याचं सर्वांत लक्षणीय काम मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, नागसेनवनात झालं. 'अस्मिता' नावाने सुरू झालेलं आणि लवकरच 'अस्मितादर्श' झालेलं नियतकालिक साठच्या दशकाच्या उत्तरार्धात गंगाधर पानतावणे यांनी हाती घेतलं आणि जन्मभर चालवलं. दलित साहित्याच्या चळवळीत त्याचं स्थान सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचा एक पैलू मेळाव्यांच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पानतावण्यांनी अंक काढून टपालात टाकला आणि काम झालं, असं केलं नाही. त्यांनी अस्मितादर्शचे लेखक-वाचक मेळावे भरवले, आणि ते गावोगाव नेले. लेखक आणि वाचक ही जोडी मुद्दाम घातलेली होती, कारण त्यांच्या वाचकांतूनच त्यांना पुढचे लेखक हवे होते. पहिल्या पिढीत शिकलेला पोरगा मेळाव्याला यायचा, चर्चा ऐकायचा, आणि परत जाऊन स्वतःची हकीकत लिहून पाठवायचा. संपादक पत्र लिहून ती दुरुस्त करून घ्यायचे. मेळावा वर्षातून एकदा आणि अंक तिमाहीला, त्यामुळे भेटीत सुरू झालेलं बोलणं वर्षभर तुटत नव्हतं. 2009 मध्ये सॅन होजेला झालेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद पानतावण्यांकडे गेलं, 2018 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी ते गेले. हे मानसन्मान मोठेच. पण त्यांच्या मेळाव्यांतून लिहिते झालेल्या माणसांची यादी काढली, तर ती जास्त लांब भरेल.

नाटकाची गोष्ट थोडी निराळी. विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग निघाला आणि मराठवाड्यातल्या पोरांना नाटक रीतसर शिकायची सोय झाली. या विभागात लक्ष्मण देशपांडे शिकवत होते. त्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. एकटा माणूस रंगमंचावर पन्नासच्या वर पात्रं उभी करतो, आणि त्यातली गावची माणसं मराठवाड्याच्या बोलीत बोलतात. तोवर ही बोली नाटकात आलीच तर नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी यायची. देशपांड्यांनी ती अख्ख्या गावाच्या तोंडी घातली आणि तीच नाटकाचा कणा झाली. गंगापूर-वैजापूरच्या पोरांना यातून कळलं की आपलं बोलणं झाकून ठेवायचं कारण नाही.

ऐंशीच्या दशकात प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी, प्रतीक्षा लोणकर यांच्यासारख्या तरुणांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था याच शहरात उभी राहिली. स्पर्धांची नाटकं, एकांकिका, तालमी, नाटकानंतर उशिरापर्यंत चाललेले वाद. पुढे ही मंडळी मुंबईला गेली आणि 1991 च्या 'चारचौघी'ने मराठी नाटकाला धक्का दिला. शहराला याचा अभिमान आहे, आणि असावाही. पण हिशेब पुरा मांडायचा तर हेही लिहावं लागतं की जी संस्था इथे पिढ्या घडवू शकली असती, ती इथून उठून गेली. दोष त्या तरुणांचा नव्हता. नाटकावर पोट भरेल अशी व्यवस्था मराठवाड्यात नव्हती आणि आजही नाही. इथे माणूस घडतो, आणि घडला की त्याला गाडी पकडावी लागते.

त्यामुळे मागे राहिलेल्यांसाठी जे लहान, दरवर्षी ठरलेले मेळे आहेत, त्यांची किंमत जास्त. विद्यापीठाचा युवक महोत्सव त्यातला पहिला. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव या चार जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्यात उतरतात. तालुक्याच्या कॉलेजचा संघ बसने किंवा जीपमध्ये दाटीवाटीने येतो, सोबत भाड्याची ढोलकी आणि कुणाच्या तरी आईचं नऊवारी. वर्गाच्या बाकावर आरसा टेकवून रंगभूषा चालते. पोवाडा, लोकनाट्य, मूकनाट्य, एकांकिका, वादविवाद. प्रेक्षक म्हणजे बहुतेक दुसऱ्या कॉलेजांचे स्पर्धकच, त्यामुळे दाद मिळते ती जाणत्याची, आणि हुर्योही जाणत्यांचाच. कित्येकांचा रंगमंचाशी पहिला आणि शेवटचा संबंध तिथेच येतो. काहींचा मात्र कायमचा जडतो.

दुसरा मेळा कामगारांचा. 1985 मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि तालुक्याचं रूप पालटलं. रांजणगाव, जोगेश्वरी ही शेतीची गावं खोल्यांच्या चाळींनी भरली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पुढे उत्तर भारत, सगळीकडची माणसं पाळीवर काम करू लागली. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा आणि भजन स्पर्धा अशा माणसांसाठी असतात. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीचे नट एकाच तालमीला कसे आणायचे, हा या नाटकांचा पहिला प्रश्न. वर्तमानपत्रांत त्यांना चार ओळी मिळतात. पण दिवसभर यंत्राशी बोलणारा माणूस तिथे महिनाभर संवाद पाठ करतो, हे चार ओळींच्या पलीकडचं आहे.

मोठ्या महोत्सवांचा अनुभव मिश्र आहे. वेरूळ महोत्सव सुरू झाला तो कैलास लेण्याच्या पार्श्वभूमीवर, पुढे तो शहरात सोनेरी महालाच्या प्रांगणात आला. देशातले पहिल्या रांगेतले गायक, वादक, नर्तक तिथे येऊन गेले. 2016 नंतर मात्र त्यात खंड पडला, आणि तो पुन्हा भरला थेट फेब्रुवारी 2023 मध्ये. मधल्या वर्षांत शहर हळहळलं, पण कुणाचं काही अडलं नाही. सरकारचा महोत्सव सरकारने बंद ठेवला, सरकारने सुरू केला. ऐकायला जाणाऱ्यांच्या हाती त्यातलं काहीच नव्हतं, मग ते चालू ठेवायला पुढे कोण येणार?

याच शहरातलं महागामी गुरुकुल याच्या उलट चाललं. 1996 मध्ये एमजीएमच्या परिसरात पार्वती दत्ता यांनी ते उभं केलं. ओडिसी आणि कथक तिथे गुरू-शिष्य पद्धतीने शिकवतात. यादवांच्या काळात देवगिरीला 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाच्या नावाने तिथे समारोह भरतो. बाहेरून आलेला कलावंत रात्री नाचतो-गातो आणि सकाळी शिष्यांशी बोलतो. समारोह संपला तरी दुसऱ्या दिवशीचा रियाज चुकत नाही. शहरातच 2014 मध्ये सुरू झालेल्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने जानेवारी 2025 मध्ये दहावी आवृत्ती पार केली. महोत्सवाचा पद्मपाणी पुरस्कार 2024 मध्ये जावेद अख्तर यांना, 2025 मध्ये सई परांजपे यांना मिळाला. मला त्यातली मराठवाड्यातल्या लघुपटांची स्पर्धा अधिक मोलाची वाटते. मोबाइलवर चित्रण करणाऱ्या एखाद्या पोराचं काम मोठ्या पडद्यावर अनोळखी माणसं पाहतात. जगभरचे सिनेमे पाहायला मिळण्यापेक्षा हा धडा मोठा आहे.

आता गंगापूर. शहर तासाभरावर असण्याचा तोटा असा की चांगलं काही पाहायचं-ऐकायचं तर तिकडे जायचं, अशी सवय लागते. फायदा असा की पाहुणा बोलावला तर तो संध्याकाळी येऊन रात्री परतू शकतो. टाळकरी तालुक्यात आहेत. युवक महोत्सव केलेली, आता शेती-नोकरीत असलेली माणसं आहेत. वाळूजला पाळी करणारे नट आहेत. कविता वहीत ठेवून बसलेले शिक्षक आहेत. संमेलनाच्या दोन दिवसांत यातले बरेच जण पहिल्यांदा एकमेकांना भेटले असतील, स्वागत समितीत एकत्र राबलेही असतील. अशी ओळख सहा महिने वापरली नाही की विरते.

ती टिकवायला वर्षाला दोन दिवसांचा मंडप पुरत नाही. महिन्याची एक बैठक पुरते. शाळेचा एखादा वर्ग, किल्ली सांभाळणारा एक माणूस, चहाची वर्गणी, आणि दर बैठकीला एका नव्या माणसासाठी राखलेली पंधरा मिनिटं. शहरातून एखादा जाणता यावा, पण त्याने भाषण करण्यापेक्षा त्या नवख्याचं ऐकून घ्यावं. पानतावण्यांनी याहून कमी साधनांत काम केलं, आणि वाड्यावस्त्यांवरचे सप्ताह तर कुठल्याही योजनेत न बसता चालले. यातलं काहीही अनुदानावर अडलेलं नाही. अडलंय ते एवढ्यावरच की चार माणसांनी एकत्र येऊन वार ठरवावा, आणि पहिल्या तीन बैठकांना सहाच जण आले तरी चौथी चुकवू नये.