रस्त्याचे आयुर्मान

डांबरी रस्ता पावसाने खराब होतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नव्हे, पण अर्धी आहे. श्रावणात जो खड्डा आपल्या नजरेस पडतो, त्याचा आरंभ आधीच्या कित्येक वैशाखांत झालेला असतो.

डांबराचे काम खडीला खडी धरून ठेवण्याचे. नवे असताना ते लवचिक असते. उन्हाळ्यात आपल्याकडे रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर तापतो. अशा तापात हवेतील प्राणवायूचा डांबराशी संयोग होऊन वरचा काही मिलिमीटरांचा पापुद्रा कडक आणि ठिसूळ होत जातो. चाकाच्या भाराने थर वाकतो आणि तडा खालून वर येतो, असे थंड देशांतील जुने शास्त्र सांगे. उष्ण देशांत तो पुष्कळदा वरूनच सुरू होतो. हा तडा केसाएवढा असतो, म्हणून कोणी त्याकडे पाहत नाही. पहिल्या पावसात त्यातून पाणी मुरते, खालचा मुरूम व माती नरम होते आणि मग मालमोटारीचे प्रत्येक चाक तो भाग दाबीत, उखडीत जाते. म्हणजे कित्येक वर्षे रस्ता जवळजवळ जसाचा तसा दिसतो, आणि नंतर दोनतीन पावसाळ्यांत त्याची दैना होते.

ही घटका आधी सांगता येईल काय? १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर सैनिकांकरवी रात्रंदिवस ट्रक फिरविण्यात आले. आसावरील भार वाढला की रस्त्याची हानी सुमारे त्याच्या चौथ्या घाताने वाढते, हा नियम त्यातून निघाला. भार दुप्पट, तर हानी सोळापट! २०१८ साली आपल्याकडे चार चाकांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ दिसायला आठव्या हिश्शाएवढी. पण या नियमाने हानी दीडपटीहून अधिक होते.

तथापि ओटावाला हिवाळ्यात जमीन गोठते, आणि तेथील कित्येक तुकडे बर्फ वितळण्याच्या दिवसांतच फुटले. तो हिशेब सोलापुरास कसा लागू पडावा? म्हणून १९७० नंतरच्या दशकात केनिया आणि ब्राझील येथे नित्याच्या वाहतुकीखालील रस्त्यांचे निरीक्षण झाले. १९८२ मध्ये ब्राझिलिया येथील प्रयोगांतून रस्त्याचा खडबडीतपणा दर किलोमीटरला इतके मीटर असा मोजण्याची सर्वमान्य पट्टी ठरली. या अभ्यासांवर जागतिक बँकेने बसविलेली समीकरणे पहिला तडा केव्हा पडेल, तो किती वेगाने पसरेल, खड्डे केव्हा होतील, हे क्रमाने सांगतात.

त्यांना चार गोष्टी पुरवाव्या लागतात: रस्त्याचे वय, जड वाहनांची संख्या, पाऊस आणि रस्त्याचे बळ. बळ मोजण्याची रीत मोठी साधी आहे. मागील आसावर ८.१६ टन भार असलेला ट्रक उभा करून, तो पुढे सरकताच दबलेला रस्ता किती उसळतो ते बेंकेलमन दांडीने पाहतात. मापन पावसाळ्यानंतर करावे, कारण तेव्हा खालची माती सर्वांत दुबळी असते. आणि डांबराच्या तापमानाप्रमाणे आकडा ३५ अंशांवर आणून घ्यावा.

खरी अडचण पुढेच आहे. हिशेब सांगतो की ज्या रस्त्यावर नुकते केसाएवढे तडे दिसू लागले त्यावर यंदाच पातळ सीलकोट द्या. जो पार उखडला तो तूर्त डागडुजीवर ठेवा, कारण त्याला पुनर्बांधणीच हवी आणि ती वर्षभर थांबल्याने फारसे अधिक नुकसान नाही. नगरपालिकेने असे करताच नागरिक विचारतात, चांगल्या रस्त्यावर डांबर आणि आमच्या गल्लीत खड्डे, हा कोठला न्याय? प्रश्न रास्त आहे. पण वाईटातला वाईट रस्ता आधी, हा क्रम धरला तर दरवर्षी तेवढ्याच पैशांत थोडे रस्ते होतात आणि तोवर बाकीचे चांगले रस्ते त्या पंक्तीत येऊन बसतात.

परकी समीकरणे आपल्या गावच्या दप्तराशी ताडून पाहावी लागतात. कोणत्या रस्त्यावर डांबर केव्हा पडले, किती जाडीचे, पहिला तडा केव्हा दिसला, एवढी नोंद पुरे. तिच्याच शेजारी आणखी एक रकाना हवा: नळासाठी किंवा केबलसाठी रस्ता केव्हा खणला. तो अंदाज मात्र अजून कोणत्याही समीकरणाने वर्तविलेला नाही.