चावडी, धूळपाटी आणि पुरावा

मराठी विकिपीडियावर लिहू इच्छिणाऱ्या तरुण मित्रांशी बोलताना मी दोन शब्दांपासून सुरुवात करतो. नवख्याने हात बसवावा म्हणून या ज्ञानकोशात एक मोकळे पान ठेवलेले असते. त्याला 'धूळपाटी' म्हणतात. कोशाच्या कारभाराविषयी सर्वांनी बोलायची जागा म्हणजे 'चावडी'. ज्यांनी हे शब्द योजले त्यांनी ते आपुलकीनेच योजले असतील. परंतु आपल्या बापजाद्यांना चावडीची पायरी चढता येत नव्हती. खाली उभे राहून हुकूम ऐकायचा. आणि धूळपाटीवर अक्षरे गिरवणाऱ्या पोरांच्या रांगेत आपले पोर नव्हते. असलेच तर दाराबाहेर. म्हणून हे शब्द आपल्या कानाला निराळे लागतात. लागू द्यावेत, आणि मग आत यावे.

हा कोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याआधीचे मोठे मराठी कोश नेमलेल्या विद्वानांनी लिहिले. केतकरांचा ज्ञानकोश घ्या की तर्कतीर्थांच्या संपादकत्वाखाली निघालेला विश्वकोश घ्या, कशाला किती ओळी द्यायच्या हे संपादक ठरवीत. आपण त्यांत विषय म्हणून होतो. लेखक म्हणून किती होतो हे ज्याचे त्याने मोजावे. येथे मात्र सदस्यनाव घ्यायचे आणि संपादनाची कळ दाबायची, इतकेच. खरे नाव देण्याची सक्ती नाही. आडनाव विचारून माणसाची जागा ठरवणाऱ्या समाजात ही सवलत लहान नव्हे.

पण दार उघडे असले म्हणून काहीही लिहून चालत नाही. प्रत्येक विधानामागे छापून आलेला, विश्वासार्ह संदर्भ लागतो. 'मला ठाऊक आहे' हा संदर्भ नव्हे. आपले कार्यकर्ते अडतात ते नेमके येथे.

एका शिबिरात एक विद्यार्थी आपल्या आजोबांवर पान लिहीत होता. आजोबा आंबेडकरी जलशात गात असत. गावोगावचे प्रयोग, दगडफेकीची एक रात्र, कंदील विझल्यावर अंधारातच पुरे केलेले गाणे, सारे त्याने मन लावून लिहिले होते. संदर्भाच्या जागी एकच ओळ होती : 'आजीने सांगितले.' पान जतन करण्याआधी मी त्याला थांबवले. तो म्हणाला, "सर, आमच्या आजीला लिहिता येत नाही, म्हणून ती खोटी का?"

त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराजवळ येऊ दिले नाही, त्यांच्याकडेच लेखी पुरावा मागायचा, असा हा नियम आहे. त्यातला अन्याय मी नाकारत नाही. तरीही मी नियमाच्या बाजूने उभा आहे. कारण आजीची आठवण संदर्भाविना चालली, तर त्याच गावच्या पाटलाची आठवणही चालेल. आणि पाटलाला हमखास आठवेल की आमच्या गावात शिवाशिव कधी नव्हतीच.

मग आजीचे काय करायचे? वाट आपल्याच माणसांनी दाखवून ठेवली आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून काढले, त्यांना बोलते केले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आणले. तोवर त्या बायांचे शब्द आठवण होते. छापून आल्यावर ते पृष्ठक्रमांकासह पुरावा झाले. मी त्या मुलाला तेच सांगितले. आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित कर. गाव, साल, गाणाऱ्यांची नावे विचार. साल आठवले नाही तर दुष्काळ, निवडणूक, कुणाचे लग्न यांवरून जुळव. मग ते संपादक असलेल्या नियतकालिकात छापून आण. स्वतःच छापलेली पत्रिका चालायची नाही. आणि आजोबांचे पान तू लिहू नकोस, दुसऱ्याला लिहू दे. कारण आपल्या घरावर, आपल्या संस्थेवर, आपल्याच कवितासंग्रहावर आपण लिहू नये असा संकेत आहे. (आमच्या कवी मित्रांना हा संकेत फार झोंबतो.)

दुसरी अडचण विशेषणांची. 'महामानव', 'क्रांतिसूर्य' हे शब्द कोणी काढले की आपल्याला अपमान वाटतो. पण कोश म्हणजे सभा नव्हे. महाडच्या पानावर एवढेच लिहा : मुंबई विधिमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव संमत झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, तरीही २० मार्च १९२७ रोजी पाणी प्यायलेल्या लोकांना मारहाण झाली, आणि नंतर शेण-गोमूत्र घालून तळे 'शुद्ध' करण्यात आले, तळ्याच्या हक्काचा निकाल उच्च न्यायालयात लागायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. प्रत्येक ओळीला खैरमोडे यांच्या चरित्राचा किंवा शासनाने छापलेल्या खंडांचा पृष्ठक्रमांक जोडा. मग यातली कोणती ओळ पुसायची, हे पुसणाऱ्यालाच सांगावे लागेल. विशेषण एका फटक्यात उडते. संदर्भ असलेली तारीख उडवली, तर पानाच्या इतिहासात कोणी, केव्हा, काय काढले याची नोंद राहते. ती नोंद दाखवून चर्चापानावर शांतपणे कारण विचारावे. रागाने उलटवाउलटवी करीत बसू नये. त्यात सदस्यत्वावर बंदी येते आणि मजकूरही जातो.

नकलेबद्दलही सांगायला हवे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या वर्षानंतर साठ वर्षे प्रताधिकार असतो. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०१७ च्या आरंभापासून मुक्त झाले आहे; ते विकिस्रोतावर अक्षरशः टंकून ठेवता येते. मरणोत्तर छापलेल्या लेखनाला साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. अण्णा भाऊंचे निधन १९६९ चे, तेव्हा 'फकिरा'ची पाने तेथे उतरवायला २०३० उजाडेल. तोवर कादंबरीविषयी आपल्या शब्दांत लिहावे.

त्या मुलाने त्या दिवशी आजोबांचे पान धूळपाटीवरच राहू दिले. संध्याकाळपर्यंत त्याने दुसऱ्याच एका लेखातल्या तीन संदर्भहीन वाक्यांना ग्रंथालयातल्या पुस्तकांतून पृष्ठक्रमांक शोधून जोडले. त्याचे पहिले संपादन ते. आजीची मुलाखत सध्या चालू आहे. तिला चौदा गाणी पाठ आहेत असे तो कळवतो, आणि दोघांत एका सालावरून भांडण आहे.